थोडं हळू, साहेब

स्टेनोकाकांनी चौतीस वर्षं कोर्टात काढली आणि त्या चौतीस वर्षांत ते कोर्टात फक्त तीन शब्द बोलले. "थोडं हळू, साहेब." हे तीन शब्द त्यांनी वकिलांना ऐकवले, न्यायाधीशांना ऐकवले, आणि एकदा तर चक्कर येऊन कोसळणाऱ्या एका साक्षीदारालाही सवयीने ऐकवले. बाकी सगळं त्यांची बोटं बोलली. निवृत्तीच्या समारंभात "आता तुम्ही दोन शब्द बोला" असं म्हटल्यावर त्यांनी नुसती मान हलवली आणि भेट मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ काखोटीला मारून ते घरी आले. कोर्टात त्यांना सगळे "ओ स्टेनो" म्हणत. साहेब म्हणायचं ते त्यांनी, ऐकायचं इतरांनी, अशी कामाची विभागणी होती.

असा माणूस आपल्या पुतणीला वकिली शिकवणार हे कळल्यावर काकूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि नवऱ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"वकिली? तुम्ही? अहो, भाजीवाल्याने वजनात मारलं तरी तुम्ही 'असू दे' म्हणता."

"भाजी वेगळी आणि उलटतपास वेगळा," काका म्हणाले आणि इतकं लांब वाक्य बोलल्यामुळे पाणी प्यायले.

पुतणीला घरात भिंगरी म्हणत. नाव कोणी ठेवलं ते आठवत नाही, पण ज्याने ठेवलं त्याने विचार करून ठेवलं होतं. ती चालायची भरभर, जेवायची भरभर आणि बोलायची तर अशी, की ऐकणाऱ्याला पहिलं वाक्य कळेपर्यंत चौथं येऊन आदळायचं. कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती. लेखी परीक्षेत वर्गात पहिली. पण गेल्या वर्षी प्रात्यक्षिकात, म्हणजे खोट्या कोर्टात उभं राहून खरोखर उलटतपास घ्यायच्या परीक्षेत, सपशेल नापास. चार मिनिटांत तिने सव्वीस प्रश्न विचारले होते. परीक्षकांनी शेरा मारला होता: 'उमेदवार हुशार असावी. खात्री करता आली नाही.'

त्यावर तिच्या वडिलांनी, म्हणजे काकांच्या धाकट्या भावाने, रविवारी सगळ्यांसमोर निकाल देऊन टाकला. "एक वर्ष गेलं ते गेलं. या खेपेला नापास झाली तर वकिलीचं नाव काढायचं नाही. आमच्या ऑफिसात चौकशीच्या खिडकीवर जागा होतेय. तिथे भरभर बोलणारं माणूस चालतं. उलट पाहिजेच असतं."

भिंगरी यावर काहीच बोलली नाही. पोरगी गप्प बसली ही गोष्ट काकांना इतकी लागली की त्यांच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "मी शिकवतो तिला."

धाकटा भाऊ हसला. वाईट हसला असं नाही, भाऊ हसतात तसंच हसला. पण काकांच्या मनाला ते लागलं ते लागलंच.

आता कोणी म्हणेल, कॉलेज कशाला असतं? तर कॉलेजात प्रात्यक्षिकाचे एक सर होते. ते आठवड्यातून दोनदा वर्गात येत, खुर्चीत बसत आणि म्हणत, "लिहा. प्रात्यक्षिकाची व्याख्या." वर्षभरात मुलांनी प्रात्यक्षिकाची व्याख्या, प्रकार, फायदे आणि तोटे लिहून घेतले होते. उभं मात्र कोणी राहिलं नव्हतं. सरसुद्धा.

काकांनी पहिल्या दिवशी पेन्सिल आणि वही घेतली आणि भिंगरीला म्हणाले, "विचार मला प्रश्न. मी लिहून घेतो." ती सुटली. पाच मिनिटांनी काकांनी वही तिच्यापुढे धरली. वहीत एक 'तुम्ही' होता, एक 'का' होता आणि पुढे पानाच्या टोकापर्यंत गेलेली एक रेघ होती.

"हे बघ," काका म्हणाले, "कोर्टात जे कागदावर आलं तेवढंच झालं. जे आलं नाही ते झालंच नाही. मोठेमोठे वकील पाहिलेत मी. गरजायचे, टेबलावर मुठी आपटायचे. संध्याकाळी कागद पाहावा तर त्यात काही नाही. आणि एक म्हातारे वकील होते. ते प्रश्न विचारायचे आणि माझ्या बोटांकडे बघत राहायचे. बोटं थांबली की पुढचा प्रश्न. ते सहसा हरले नाहीत."

"पण काका मला कसं कळणार बोटं कधी थांबली कारण आता सगळीकडे कॉम्प्युटर आणि त्याचा आवाजच येत नाही आणि मी साक्षीदाराकडे बघू की—"

"थोडं हळू," काका म्हणाले. 'साहेब' त्यांनी मोठ्या कष्टाने गिळला.

पण पोरीचा मुद्दा बरोबर होता. तिला खडखडाट ऐकू यायला हवा होता. म्हणजे टाइपरायटर हवा होता. आणि काकांचा स्वतःचा टाइपरायटर, ज्याच्या 'र'वर त्यांच्या बोटाचा खळगा पडला होता, तो कोर्टाच्या अडगळीच्या खोलीत धूळ खात होता.

काका दुसऱ्याच दिवशी कोर्टाच्या भांडारपालाकडे गेले. भांडारपालाने रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं आणि म्हणाला, "हा टाइपरायटर नाही."

"तो काय, तुमच्या मागे आहे," काका म्हणाले.

भांडारपालाने मागे वळून पाहिलं. टाइपरायटर होता. त्याने पुन्हा रजिस्टर पाहिलं. "सहा वर्षांपूर्वी मोडीत काढलाय. ही सही. म्हणजे तो नाही."

"मग मी नेतो."

"जे नाही ते नेता कसं येईल? न्यायचं तर आधी तो आहे असा अर्ज करा. मग मोडीत काढलेली वस्तू अजून इथे कशी, याची चौकशी लागेल. ती माझ्यावर लागेल. मग मी तुम्हाला तो देणार नाही."

काका दोन तास बाकावर बसून राहिले. चौतीस वर्षांत त्यांनी एक गोष्ट शिकली होती, ती म्हणजे बसून राहणं. शेवटी भांडारपालच वैतागला. "अहो, जे नाही ते कोणी उचलून नेलं तर मला दिसणार कसं?" असं म्हणून तो पाठ करून चहा प्यायला गेला. फाटकावरच्या रखवालदाराने पावती मागितली. काका त्याला म्हणाले, "नसलेल्या वस्तूची पावती नसते." रखवालदार विचारात पडला, आणि त्याचा विचार पुरा व्हायच्या आत काका अठरा किलोचं यंत्र छातीशी धरून रिक्षात बसले होते. आपण इतकं धडधडीत बोलू शकतो याचं त्यांना घरी पोचेपर्यंत आश्चर्य वाटत राहिलं.

घरात टाइपरायटर वाजू लागला आणि दोन दिवसांत काकूंनी फर्मान काढलं, की हे यंत्र घरात राहील किंवा मी. काकांनी सोसायटीच्या हॉलसाठी अर्ज केला.

सोसायटीचे सेक्रेटरी हे मोठं प्रकरण होतं. त्यांना नोटिसा लावायचा नाद होता. आठ महिने लिफ्ट बंद होती आणि तिच्या दारावर त्यांच्याच सहीची नोटीस होती: 'अज्ञात इसमाने क्षमतेपेक्षा जड सामान नेल्यामुळे लिफ्ट नादुरुस्त. इसम सापडल्यास दुरुस्ती त्याच्याकडून करून घेण्यात येईल.' इसम काही सापडत नव्हता आणि सगळी इमारत जिने चढत होती.

सेक्रेटरींनी काकांचा अर्ज तीनदा परत पाठवला. एकदा समास सोडला नाही म्हणून, एकदा 'खोटं कोर्ट' या शब्दाने सोसायटीची बदनामी होते म्हणून, आणि तिसऱ्यांदा कारण न देता. चौथ्यांदा ते स्वतःच आले आणि घसा खाकरून म्हणाले, "साक्षीदार लागेल ना तुम्हाला? कॉलेजात मी नाटकात होतो." हॉल मिळाला.

न्यायाधीश म्हणून चौथ्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर आले. त्यांचे गुडघे दुखायचे, पण आवाज खणखणीत होता आणि शिक्के मारण्याचा हात अजून गेला नव्हता. बाकीची इमारत प्रेक्षक म्हणून आली आणि प्रेक्षक म्हटल्यावर सल्ला आलाच. दातांच्या डॉक्टरीणबाई भिंगरीला म्हणाल्या, "जबडा सैल सोड." व्यायामशाळावाला म्हणाला, "पोटातून श्वास घे, वकिली पोटात असते." सेक्रेटरींच्या सौभाग्यवतींनी सांगितलं की प्रश्न विचारताना भुवई उचलावी, समोरचा खचतो. भिंगरीने पहिल्या संध्याकाळी हे सगळं एकदम करून पाहिलं. तेव्हा पोस्टमास्तरांनी कामकाज थांबवून तिला पाणी दिलं.

काकांचा नियम मात्र एकच होता. मशीन वाजतंय तोवर तोंड बंद. खडखडाट थांबला, की मनात एक अंक मोज आणि मग विचार. शिवाय रोज अर्धा तास तिनेच मशीनवर बसायचं आणि काकांनी सांगितलेल्या जुन्या साक्षी टाइप करायच्या. "दुसऱ्याचं बोलणं बोटांतून गेलं की कळतं, माणूस किती बोलतो आणि त्यातलं किती उपयोगाचं असतं," काका म्हणायचे. भिंगरी कुरकुरायची, पण टाइप करायची. तीन आठवड्यांत तिचे प्रश्न सव्वीसावरून चौदावर आले.

आणि मग तो गुरुवार उगवला.

खटला गेल्या वर्षीच्याच परीक्षेतला होता. गॅलरीतून कुंडी पडून कोणाची तरी स्कूटर चेपली, आणि कुंडी तिसऱ्या मजल्यावरून पडताना आपण पाहिली असं साक्षीदार म्हणतो. साक्षीदार सेक्रेटरी. इस्त्रीचा शर्ट घालून, उलट्या ठेवलेल्या दोन खुर्च्यांच्या पिंजऱ्यात ते ऐटीत उभे होते.

"कुंडी पडली तेव्हा तुम्ही कुठे होतात?" भिंगरीने विचारलं.

"जिन्यात. जिन्याच्या खिडकीतून मी स्पष्ट पाहिलं."

खडखडाट झाला, थांबला. भिंगरीने एक अंक मोजला.

"इमारतीला लिफ्ट आहे. मग तुम्ही जिन्याने का चालला होतात?"

आणि नेमकी त्याच क्षणी टाइपरायटरची फीत अडकली.

काका वाकले. फीत ओढू लागले. नियम म्हणजे नियम, मशीन तयार होईपर्यंत भिंगरी बोलणार नव्हती. पोस्टमास्तरही गप्प. प्रेक्षकही गप्प, कारण सगळ्यांना काकांची काळी झालेली बोटं बघण्यात गोडी लागली होती. भिंगरी सेक्रेटरींकडे शांतपणे बघत उभी राहिली. एक मिनिट गेलं. सेक्रेटरींनी कॉलर सैल केली.

"लिफ्ट बंद होती," ते म्हणाले.

कोणी काही बोललं नाही. काका फीत गुंडाळत होते.

"बंद होती म्हणजे... तशी ती चालू होती. आधी."

भिंगरी बघतच होती.

"अहो, कपाट इतकं जड असेल याची मला काय कल्पना!" सेक्रेटरी एकदम ओरडले. "दुकानदार म्हणाला सागवानी दिसतं, पण हलकं आहे! मी काय तराजू घेऊन फिरतो?"

त्याच सेकंदाला फीत बसली, आणि काकांच्या बोटांनी चौतीस वर्षं केलं तेच केलं. खडखड करत सगळं कागदावर उतरलं. 'कपाट इतकं जड असेल याची मला कल्पना नव्हती.' शेवटी पूर्णविराम. मशीनची घंटा वाजली.

मग जे झालं त्याला कामकाज म्हणता येणार नाही. पोस्टमास्तर न्यायासनावरून उठले आणि "मी चौथ्या मजल्यावर राहतो! आठ महिने! या गुडघ्यांनी!" असं म्हणत पिंजऱ्याकडे निघाले. डॉक्टरीणबाई मध्ये पडल्या. सेक्रेटरींच्या सौभाग्यवतींनी भुवई उचलली, पण ती नवऱ्याकडे पाहून. सेक्रेटरी काकांपाशी आले. "तो कागद फाडा."

"साक्ष आहे," काका म्हणाले.

"खोट्या कोर्टातली!"

"कागद खरा आहे," काका म्हणाले आणि नीट घडी करून तो खिशात ठेवला. चौतीस वर्षांत त्यांनी एकही कागद फाडला नव्हता आणि आता या वयात ही सवय लावून घेण्याची त्यांची इच्छा नव्हती.

दुसऱ्या दिवशी हॉलला कुलूप. त्यावर नोटीस: 'हॉल देखभालीसाठी बंद.' परीक्षेला आठ दिवस उरलेले. धाकट्या भावाचा फोन आला, "दादा, ऐकलं ते खरं का? तिला वकिली शिकवताय की भांडणं?" काकांना त्या रात्रीचं जेवण गेलं नाही. आपण पोरीचं वर्ष सावरायला निघालो आणि इमारतीत महाभारत लावून ठेवलं, असं त्यांना वाटू लागलं.

सकाळी भिंगरी आली. जिन्याच्या पायरीवर बसली. मग हळू म्हणाली, "काका, मी त्यांना कपाटाचं विचारलंच नव्हतं."

"नाही."

"मी फक्त गप्प बसले."

"हो."

"म्हणजे गप्प बसणं हा पण प्रश्नच असतो."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांना कधी शब्दांत सांगता आली नव्हती आणि पोरीने ती पायरीवर बसून सांगून टाकली. त्यांचे डोळे भरून आले. फितीची शाई डोळ्यात गेली असं ते काकूंना नंतर म्हणाले.

उरलेले दिवस त्यांनी जिन्याच्या वळणावर सराव केला. टाइपरायटर कठड्यावर, साक्षीदार येणारे-जाणारे. पाचव्या दिवशी लिफ्टचे कारागीर आले. लिफ्टच्या दारावरची नोटीस गेली. परीक्षेच्या दिवशी पोस्टमास्तरांनी लिफ्टचं दार स्वतः उघडून धरलं आणि भिंगरीला म्हणाले, "जा पोरी. एक निकाल तर तू आधीच मिळवलायस."

कॉलेजच्या खोट्या कोर्टात परीक्षक म्हणून एक निवृत्त न्यायाधीश बसले होते. काकांनी त्यांच्याकडे नऊ वर्षं काम केलं होतं, त्यामुळे ते शेवटच्या रांगेत खांबाआड बसले. धाकटा भाऊही आला होता. बसताना म्हणाला, "खिडकीची जागा मी सोमवारपर्यंत धरून ठेवायला सांगितलीय." दारावर पाटी होती, 'प्रेक्षकांपैकी कोणी बोलल्यास बाहेर काढण्यात येईल.' आणि साक्ष टिपायला कॉलेजच्या ऑफिसातल्या ऑपरेटरबाई कॉम्प्युटरवर बसल्या होत्या. त्या कळफलकाचा आवाज त्यांना स्वतःलाही येत नसावा.

खटला असा: एका माणसाचा नवा कोट लाँड्रीत जळला. लाँड्रीवाला म्हणतो, कोट आला तेव्हाच जळलेला होता, मी स्वतः घेतला, स्वतः पाहिला. भिंगरी कोटवाल्याची वकील. लाँड्रीवाल्याच्या जागी दुसऱ्या कॉलेजचे एक प्राध्यापक उभे होते. त्यांनी अशा साक्षी देऊन दरवर्षी चार-पाच विद्यार्थ्यांना रडवलं होतं आणि ते यात समाधानी होते.

भिंगरी उठली. "तुमचं दुकान किती वर्षांचं आहे आणि रोज किती कपडे येतात आणि कपडे घेताना कोण—"

ऑपरेटरबाईंनी घाबरून मान वर केली. काका खांबाआड अर्धे उठले. तीन शब्द त्यांच्या जिभेवर येऊन उभे होते. पाटी आठवून ते खाली बसले, आणि भावाने तोंड फिरवलं.

भिंगरी थांबली. तिने हातातली फाइल टेबलावर आडवी ठेवली, तिच्यावर दोन्ही हात टेकवले. "माफ करा. पहिल्यापासून विचारते. कपडा घेताना तुम्ही तो तपासता?"

"अर्थात. बारकाईने. आमच्या घराण्याचा तो शिरस्ता आहे," प्राध्यापक रंगात येऊन म्हणाले आणि बरंच काही बोलले.

आणि काकांना तिची बोटं दिसली. फाइलवर ती हलत होती. साक्षीदाराचं उत्तर ती अक्षर अक्षर टाइप करत होती, आवाज न करता. शेवटी उजव्या हाताची करंगळी पूर्णविरामावर टेकली. बोटं थांबली. एक अंक. मग प्रश्न.

"कपडा खराब असेल तर पावतीवर तशी नोंद करता?"

"करतो. प्रत्येक वेळी."

बोटं. पूर्णविराम.

"ही या कोटाची पावती. हिच्यावर तशी नोंद आहे?"

प्राध्यापकांनी हसून मान हलवली.

"मान टाइप होत नाही," भिंगरी गोड आवाजात म्हणाली. "तोंडाने सांगा."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं.

"नाही," प्राध्यापक म्हणाले.

बोटं चालली. थांबली. आता भिंगरीने पुढचा प्रश्न विचारायला हवा होता, नाही तर खाली बसायला हवं होतं. तिने दोन्हीपैकी काही केलं नाही. ती प्राध्यापकांकडे बघत उभी राहिली. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. प्राध्यापकांना आजवर कोणी गप्प राहून छळलं नव्हतं. त्यांनी वजन या पायावरून त्या पायावर घेतलं.

"त्याचं असं आहे," ते म्हणाले, "त्या दिवशी गर्दी होती."

शांतता.

"आणि काउंटरवर बायको होती. ती नवखी. तिच्या लक्षात राहिलं नसेल नोंद करायचं. मी काय, संध्याकाळी आलो..." आणि तिथे त्यांच्या लक्षात आलं, की आपण स्वतः कोट घेतला, स्वतः पाहिला, अशी साक्ष दहा मिनिटांपूर्वी आपणच दिली आहे. त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

भिंगरीने पूर्णविराम दिला. "माझा उलटतपास संपला," ती म्हणाली आणि बसली. अवघे तीन प्रश्न झाले होते.

खोलीत टाळ्या वाजवायला बंदी होती, तरी वाजल्या. सगळ्यात आधी वाजवल्या त्या प्राध्यापकांनी. धाकट्या भावाने खिशातून फोन काढला आणि तिथल्या तिथे ऑफिसला कळवलं, की ती खिडकी दुसऱ्या कोणाला द्या. मग काकांचा हात धरला आणि सोडेना.

न्यायाधीश म्हणाले, "मी असंख्य उलटतपास ऐकले. थांबता येणारे वकील हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तुला कोणी शिकवलं?"

"माझ्या काकांनी."

"कुठल्या कोर्टात वकिली करतात?"

भिंगरीने खांबाकडे बोट दाखवलं. काकांना उठावंच लागलं. न्यायाधीशांनी डोळे बारीक केले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे! 'थोडं हळू'! नऊ वर्षं माझ्या शेजारी बसलात आणि हे सगळं पोटात ठेवून होतात? इकडे या. ही पोरं वर्षभर व्याख्या लिहितायत. यांना दोन शब्द सांगा. सांगायचं आणि दर शनिवारी येऊन सांगायचं. अर्जबिर्ज काय लागेल ते कॉलेज बघेल."

काका पुढे गेले. पिंजऱ्याच्या कठड्याला धरून उभे राहिले. समोर साठ मुलं वह्या उघडून बसली होती. नेहमीप्रमाणे ते मान हलवतील आणि परत फिरतील, असं काकूंना वाटलं असतं. पण मान टाइप होत नाही, हे आता सगळ्या खोलीला ठाऊक झालं होतं.

काकांनी तोंड उघडलं, आणि चौतीस वर्षांचं बाहेर पडलं. टेबलावर मुठी आपटणारे वकील बाहेर पडले, बोटांकडे बघणारे म्हातारे वकील बाहेर पडले, रडणारे साक्षीदार, खोटं बोलताना कान खाजवणारे साक्षीदार, एका शब्दाने बुडालेले खटले आणि एका शांततेने तरलेले खटले, एकामागून एक, श्वास न घेता, भिंगरीलाही मागे टाकील अशा वेगाने. मुलांची पेनं मागे पडली. न्यायाधीश पुढे झुकून ऐकत होते. ऑपरेटरबाई, ज्यांना हे टिपायला कोणी सांगितलंही नव्हतं, पण राहवत नव्हतं म्हणून टिपत होत्या, त्यांची शेवटी दमछाक झाली. त्यांनी एक हात कळफलकावरून उचलून वर केला.

"थोडं हळू, साहेब," त्या म्हणाल्या.